आधी डोकी मोजा, मग डॉलर

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी २००६ च्या सुरुवातीला ठाण्यातल्या धाकट्या भावासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं बोलावण्याचा अर्ज, भरला. तेव्हा काका अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, नोकरी पक्की होती, आणि भावाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भावंडांच्या रांगेत, म्हणजे एफ-४ मध्ये, भारतातल्या माणसाचा नंबर लागायला किती काळ जातो याचा कुणी फारसा विचार केला नव्हता. नंबर लागला तो २०२५ मध्ये. नॅशनल व्हिसा सेंटरची, म्हणजे एनव्हीसीची मेल आली तेव्हा काका सदुसष्टचे, निवृत्त. भावाला अठरा आणि चौदा वर्षांची दोन मुलं.

काकांचा प्रश्न साधा होता. "अरे, मला आता पगारच नाही. मी कसला स्पॉन्सर होणार?" काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हे त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं."

मी वकील नाही. दर मार्च-एप्रिलला ओळखीच्या लोकांचे टॅक्सचे कागद लावून देतो, त्यातून स्पॉन्सरच्या हमीचा हा फॉर्म गळ्यात पडला. तेव्हापासून एक गोष्ट सतत दिसते. लोक डॉलरच्या आकड्याला घाबरतात, आणि चुका मात्र डोकी मोजताना करतात.

ज्या कागदावर सगळं अडतं त्याचं नाव आय-८६४. सांभाळाची हमी म्हणा हवं तर. 'या माणसाला मी अमेरिकेत बोलावतोय, त्याला सरकारी मदतीवर जगायची वेळ येऊ देणार नाही' असं सरकारला लिहून देण्याचा हा प्रकार. पूर्वीही असं लिहून द्यावं लागायचं, पण कोर्टात ते टिकत नसे. नैतिक जबाबदारी एवढाच त्याचा अर्थ लावला जाई. १९९६ च्या इमिग्रेशन कायद्याने ते बदललं आणि १९ डिसेंबर १९९७ पासून ही हमी म्हणजे अंमलात आणता येणारा करार झाला. कराराबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण तेवढंच न वाचता सही करतात.

आपल्यातल्या पुष्कळांनी हा फॉर्म कधी पाहिलेलाच नसतो. स्वतःचं ग्रीन कार्ड कंपनीतर्फे झालेलं असतं, आणि त्या वाटेत सहसा आय-८६४ लागत नाही. मग नागरिकत्व मिळतं, आई-बाबांना कायमचं आणायचं ठरतं आणि पंधरा-वीस वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस पहिल्यांदाच 'हाउसहोल्ड साइझ' या चौकटीपुढे बसतो. (आई-वडिलांना फक्त नागरिक बोलावू शकतो आणि त्याचं वय एकवीस पूर्ण हवं. ग्रीन कार्डवाल्याला ती सोय नाही.)

आकडा येतो कुठून

नियम एका ओळीचा आहे. तुमच्या घरातल्या डोक्यांसाठी सरकारने ठरवलेली जी दारिद्र्यरेषा असेल, तिच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. सैन्यात सक्रिय सेवेत असलेला माणूस नवरा, बायको किंवा मुलाला आणत असेल तर १०० टक्के पुरतं.

दारिद्र्यरेषा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिवळं रेशन कार्ड येतं. अमेरिकेतली रेषा वेगळ्या पद्धतीने आखली गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की या बाईंनी शेती खात्याचा सगळ्यात काटकसरीचा जेवणखर्च घेतला आणि त्याला तिनाने गुणलं, कारण त्या काळच्या पाहणीत कुटुंबाच्या कमाईचा साधारण एक तृतीयांश भाग जेवणावर जात होता. आजचे आकडे महागाईप्रमाणे वाढवत आणलेले असले तरी मूळ तेच. आरोग्य खातं दर वर्षी जानेवारीच्या सुमाराला नवे आकडे काढतं. त्यामुळे ज्या वर्षी फॉर्म भराल त्या वर्षीचा तक्ता बघायचा. त्याचं नाव आय-८६४पी.

२०२५ च्या तक्त्यात १२५ टक्क्यांची रक्कम अशी होती: दोन डोक्यांना २६,४३७ डॉलर, तिघांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७, पाच जणांना ४७,०६२, सहांना ५३,९३७. पुढच्या प्रत्येक डोक्याला ६,८७५ ची भर. अलास्का आणि हवाईचे तक्ते वेगळे आणि चढे आहेत. बाकी सगळीकडे हेच. न्यू जर्सीत एका खोलीचं भाडं किती आणि मिसिसिपीत किती, याचा इथे संबंध नाही. क्रेडिट स्कोअर विचारत नाहीत, गाडीचा हप्ता विचारत नाहीत, मुलांच्या कॉलेजचं कर्जही नाही. आयटीतल्या एका पगारात हे आकडे सहज बसतात, म्हणून तर लोक निर्धास्त असतात. पण निवृत्त माणूस, नुकताच ले-ऑफ झालेला, अर्धवेळ काम करणारी एकटी आई, किंवा कागदोपत्री तोट्यात असलेला दुकानदार, यांना तो तक्ता वाचताना घाम फुटतो.

डोकी

घरात किती माणसं, या प्रश्नाचं उत्तर जेवायला किती पानं घेता यावर ठरत नाही. मोजायचं ते असं: तुम्ही स्वतः. नवरा किंवा बायको. एकवीसच्या आतली अविवाहित मुलं, तुमच्यासोबत राहत नसली तरी. टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट म्हणून दाखवलेलं आणखी कुणी. या अर्जावर येणारी सगळी माणसं, म्हणजे भाऊ आणि त्याच्यासोबत येणारी बायकोमुलं. आणि सगळ्यात शेवटी, लोक हमखास विसरतात ते: पूर्वी कधी कुणासाठी आय-८६४ वर सही केली असेल आणि ती जबाबदारी अजून संपली नसेल, तर तेही डोकं.

काकांनी पहिल्या कच्च्या फॉर्मवर तीन लिहिलं होतं. ते, काकू आणि भाऊ. "वहिनी आणि मुलं त्याची जबाबदारी," असं त्यांचं म्हणणं. व्यवहारात खरंही असेल, पण फॉर्मला ते चालत नाही. भाऊ, वहिनी, दोन मुलं आणि हे दोघं, म्हणजे सहा. पाहिजेत ५३,९३७ डॉलर.

फॉर्म पुन्हा लिहिला. प्रिंट काढायला निघालो तर काकू म्हणाल्या, "आणि मावशींचं?"

मावशी म्हणजे काकूंच्या मावशी. २०१६ मध्ये त्यांच्या लेकीने त्यांना आणलं, तेव्हा लेकीची कमाई कमी पडत होती म्हणून काकांनी जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही करून दिली होती. मावशी आता एक्याऐंशीच्या. ग्रीन कार्डवर आहेत, इथे कधी नोकरी केलेली नाही, आणि नागरिकत्वाची परीक्षा 'आता कशाला' म्हणून दिलेली नाही. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सहीची जबाबदारी अजून काकांच्या खात्यावर आहे. डोकी सात झाली. आकडा ६०,८१२.

मावशी व्हर्जिनियात लेकीकडे राहतात. काकांच्या घरी त्यांचं पाऊल दिवाळीला पडलं तर. तरी मोजायच्या.

आई-वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोम. त्या दोघांचा एकत्र अर्ज होत नाही. आईचा आय-१३० वेगळा, बाबांचा वेगळा, आणि आय-८६४ देखील दोन. भावाच्या अर्जावर वहिनी आणि मुलं आपोआप येतात, तसं आईच्या अर्जावर बाबा येत नाहीत. फॉर्म दोन असले तरी उत्पन्नाचा हिशेब सुरुवातीपासून दोघांचा धरून ठेवावा, असं माझं मत. नवरा, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा, म्हणजे सहा डोकी. तेवढं बसत असेल तर पुढे काही अडत नाही.

उत्पन्न म्हणजे नेमकं काय

गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न सोबत लावावंच लागतं. तीन वर्षांची लावलीत तरी चालतं. पण खरा प्रश्न असतो 'आज तुम्ही वर्षाला किती कमावता' हा. गेल्या वर्षी दीड लाख डॉलर दाखवले आणि फेब्रुवारीत नोकरी गेली, तर त्या दीड लाखाला अर्थ नाही. उलट गेल्या वर्षी शिकत होतात आणि आता नोकरी लागली, तर कंपनीचं पत्र आणि पगाराच्या अलीकडच्या स्लिपा लावून आजचा पगार दाखवता येतो.

पती-पत्नी मिळून टॅक्स भरत असतील तर रिटर्नवरचा एकत्र आकडा स्वतःचा म्हणून लिहिण्याची चूक खूप जण करतात. तुमच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनी देते त्या वार्षिक पगाराच्या दाखल्यावर, जेवढं आहे तेवढंच तुमचं. जोडीदाराचं धरायचं असेल तर आय-८६४ए नावाचा वेगळा कागद त्यांच्या सहीने लावायचा, आणि ती सही केली की तेही त्या करारात बांधले गेले. एकाच घरात राहणारे आई, वडील, भाऊ किंवा मोठी मुलं यांचंही उत्पन्न असंच जोडता येतं.

काकांचं प्रकरण इथे गमतीदार झालं. दोघांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, मिळून वर्षाला ३८,००० डॉलर. पण त्यांच्या टॅक्स रिटर्नच्या, म्हणजे फॉर्म १०४० च्या, नवव्या ओळीत, जिथे एकूण उत्पन्न येतं, तिथे होते ६१२ डॉलर. बँकेचं व्याज. काकांचा चेहरा उतरला. झालं असं की सोशल सिक्युरिटीचा जेवढा भाग करपात्र असतो तेवढाच त्या ओळीत येतो, आणि बाकी फारशी कमाई नसलेल्या जोडप्याचा तो भाग शून्यही असू शकतो. पूर्ण रक्कम दिसते ती ६ए या ओळीत. कर लागत नाही म्हणून ते उत्पन्न नाही, असं होत नाही. सोशल सिक्युरिटीकडून येणारा वार्षिक एसएसए-१०९९ आणि मंजुरीचं पत्र लावलं, सोबत चार ओळींचा खुलासा जोडला, की तपासणाऱ्याला कळतं. अर्धी रक्कम काकूंची, म्हणून त्यांचा आय-८६४ए लागला. फूड स्टॅम्प किंवा एसएसआयसारखी गरजूंसाठीची मदत मात्र उत्पन्नात धरत नाहीत.

धंदेवाल्यांची गोष्ट याच्या उलटी. मोटेल, गॅस स्टेशन, टॅक्सी, टिफिनचा व्यवसाय. धंद्याची उलाढाल कितीही असो, मोजतात ते खर्च वजा जाऊन उरलेलं. मग वर्षानुवर्षं घसारा, गाडी, फोन, घरातली ऑफिसची खोली असं सगळं खर्चात टाकून नफा अकरा हजारांवर आणून ठेवलेला माणूस आई-वडिलांचे कागद भरायला बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, दाखवलेली गरिबी आता यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्यालाही, दाखवावी लागणार. एकाच सालात दोन खात्यांना दोन चेहरे दाखवता येत नाहीत. आई-वडिलांना आणायचा विचार असेल तर आदल्या वर्षीच्या रिटर्नपासून डोकं चालवायला हवं. आणि ज्याने रिटर्न भरणं लागू असून भरलंच नाही, त्याने आधी ते भरायचं, मग या फॉर्मकडे वळायचं.

भावाचा ठाण्यातला पगार? तो मोजत नाहीत, कारण तो इथे येताच थांबणार. इथल्या कुणी 'आल्यावर माझ्या दुकानात घेतो' असं पत्र दिलं तरी त्या नोकरीचा पगार उत्पन्नात बसत नाही.

कमी पडलं तर घर, एफडी, फ्लॅट

सात डोक्यांना ६०,८१२ हवेत, काकांकडे ३८,००० आहेत. फरक २२,८१२. हा फरक मालमत्तेने भरून काढता येतो, पण डॉलरला डॉलर नाही. भावंडं, आई-वडील, मोठी मुलं यांच्यासाठी फरकाच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. नागरिकाने नवरा, बायको किंवा अठरा वर्षांवरचं मूल आणायचं असेल तर तिप्पट पुरते. काकांचा पाचपटीचा आकडा आला १,१४,०६०.

मावशी आठवल्या नसत्या तर हा आकडा ७९,६८५ वर थांबला असता. एका विसरलेल्या डोक्याची किंमत चौतीस हजारांच्या वर.

काकांचं एडिसनमधलं घर त्यांनी १९९८ मध्ये घेतलेलं, कर्ज फिटलेलं. घराची बाजारभावाने किंमत वजा शिल्लक कर्ज, एवढी रक्कम मालमत्ता म्हणून धरतात. परवानाधारक मूल्यांककाचा अहवाल, घराचा दस्त आणि कर्ज नसल्याचा पुरावा लागला. घरातली एकमेव गाडी धरता येत नाही. दुसरी असेल तर ती चालते. अट अशी की मालमत्ता वर्षभरात, फार नुकसान न सोसता विकून रोख करता यायला हवी.

ही अट भारतातल्या मालमत्तेला कडक लागते. येणाऱ्या माणसाची स्वतःची मालमत्ताही मोजता येते, म्हणून भावाने उत्साहाने दोन गोष्टी सांगितल्या: ठाण्यातला फ्लॅट आणि संगमेश्वरजवळची वडिलोपार्जित जमीन. जमिनीच्या सातबाऱ्यावर नऊ नावं. त्यातले दोघं वारलेले, वारसांची नोंद झालेली नाही, आणि एका आत्याचा गेली कित्येक वर्षं हट्ट की बांध सरकवलाय. ती जमीन वर्षभरात विकली जाणार हे मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याला पटवणं सोडा, आम्हालाच हसू आलं. फ्लॅट मात्र बरा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल, आणि विकलेले पैसे देशाबाहेर नेता येतात याचा आधार. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्याला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून दहा लाखांपर्यंत. काकांच्या घरावरच काम भागत होतं म्हणून फ्लॅटचे कागद लावायची वेळ आली नाही. मलाही वाटतं, एक भक्कम मालमत्ता पुरत असेल तर पाच लुळ्या मालमत्तांची फाइल देऊ नये. प्रत्येक जादा कागद हा तपासणाऱ्याला विचारायला आणखी एक प्रश्न असतो.

बरेच जण विचारतात, घर दाखवलं म्हणजे ते गहाण पडलं का? नाही. त्यावर कसलाही बोजा चढत नाही. भावाचं कुटुंब येऊन पोचल्यावर काका ते घर खुशाल विकू शकतात.

दुसऱ्याची सही

घर नसतं तर जॉइंट स्पॉन्सरचा रस्ता होता. हा माणूस नात्यातला असलाच पाहिजे असं नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, अठरा पूर्ण, अमेरिकेत राहणारा, एवढं पुरे. पण त्याने स्वतःच्या जोरावर पूर्ण १२५ टक्के दाखवायचे असतात. काकांचे अडतीस आणि मित्राचे तीस अशी बेरीज चालत नाही. आणि त्याची डोकी त्याच्या घरची: काकांचा मुलगा सिएटलला आहे, तो, सून, दोन नातवंडं आणि येणारे चौघं, म्हणजे आठ. ६७,६८७ डॉलर. मुलाला ते सहज जमणारं होतं. जॉइंट स्पॉन्सर मिळाला म्हणून मूळ अर्जदार सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. काकांची कमाई शून्य असती तरी त्यांचा स्वतःचा आय-८६४ लागलाच असता. अर्जदार स्वतः पुण्याला परत जाऊन राहिला असेल तर त्याला अमेरिकेत आपलं घरदार आहे किंवा तो परत येऊन राहणार आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. तिथे जॉइंट स्पॉन्सर कितीही श्रीमंत असो, उपयोग नाही.

मुलगा फोनवर लगेच "हो, करून टाकू" म्हणाला. सुनेने मात्र फॉर्मच्या सूचना शेवटपर्यंत वाचल्या आणि विचारलं, "हे किती वर्षं चालतं?" आमच्यापैकी कुणीही तोवर तो प्रश्न विचारला नव्हता.

किती वर्षं

याला ठरावीक मुदत नाही. जबाबदारी संपते ती अशी: आलेला माणूस नागरिक झाला, किंवा त्याच्या नावावर कामाचे चाळीस क्वार्टर (सोशल सिक्युरिटीच्या हिशेबातल्या तिमाह्या) जमा झाले, किंवा तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा परत गेला, किंवा तो वारला, किंवा स्पॉन्सर वारला. वर्षाला जास्तीत जास्त चार क्वार्टर मिळतात, म्हणून सतत काम केलं तर साधारण दहा वर्षं. कमाई फार लागत नाही. २०२५ मध्ये एका क्वार्टरला १,८१० डॉलर पुरे होते. ठाण्याहून येणारा पंचेचाळिशीचा भाऊ काम करणार, त्याची दहा वर्षं होतील, किंवा त्याआधी तो नागरिक होईल. मावशींसारख्या वयस्कर माणसाच्या बाबतीत मात्र ही सही बहुधा जन्मभराची.

या काळात, आलेल्या माणसाने मेडिकेड (गरजूंसाठीचा सरकारी आरोग्य विमा), फूड स्टॅम्प यांसारखी उत्पन्नावर आधारलेली मदत घेतली तर ते खातं स्पॉन्सरकडून पैसे वसूल करू शकतं. नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेकांना अशी केंद्रीय मदत पहिली पाच वर्षं मिळतच नाही, त्यामुळे तशी वेळ कमी येते. आई-वडिलांच्या बाबतीत खरा खड्डा असतो तो आरोग्य विम्याचा, आणि तो या फॉर्ममध्ये कुठेच विचारत नाहीत. पासष्टच्या वरच्या माणसालाही मेडिकेअर, म्हणजे वयस्करांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पैसे भरून घ्यायचा तर इथे सलग पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. तोवरची सोय तुमची तुम्ही बघायची.

घटस्फोटाने ही हमी संपत नाही. हे वाक्य मी लग्नाळू मुलामुलींना दोनदा वाचायला लावतो. आलेली पत्नी किंवा पती १२५ टक्क्यांपर्यंतच्या सांभाळासाठी स्पॉन्सरवर थेट दावा लावू शकतो. २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने असंही म्हटलं की समोरच्या माणसाने नोकरी शोधली नाही, या सबबीवर ही जबाबदारी कमी होत नाही. आणि २०१६ मध्ये नवव्या सर्किटने लग्नापूर्वीचा आपसातला करारही तिला पुसू शकत नाही असा निर्णय दिला.

सुनेने ऐकून घेतलं. "ठीक आहे, लागलीच तर करू," म्हणाली, "पण आधी बाबांच्या घराचं बघा." तिने स्पष्ट विचारलं म्हणून पुढे कुणाच्या मनात किल्मिष राहिलं नाही. मित्राला जॉइंट स्पॉन्सर व्हायला सांगताना 'फक्त एक सही हवी आहे' असं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. त्याला सूचना वाचायला द्या, दोन दिवस द्या, आणि तो नाही म्हणाला तर चहा पाजून विषय बदला.

खिडकीपाशी

एनव्हीसीची १२० डॉलर फी भरून कागद ऑनलाइन चढवायचे. आयआरएसची टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा अधिकृत उतारा, फुकट मिळते आणि ती लावली की डब्ल्यू-२ ची शोधाशोध बरीच वाचते. फॉर्म नोटरी करावा लागत नाही. तरी काकांनी शेजारच्या बँकेत जाऊन शिक्का मारून आणलाच. जुनी सवय. सही मात्र एका पानावर राहिली होती, ते एनव्हीसीने परत पाठवलं तेव्हा कळलं. महिना गेला.

मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. अधिकारी फक्त आय-८६४ बघून थांबत नाही. कायद्याने वय, प्रकृती, शिक्षण, कुटुंबाची स्थिती हेही पाहायचं असतं. हमी कमकुवत वाटली तर २२१(जी) ची चिठ्ठी हातात देतात. म्हणजे व्हिसा आज नाही, अमुक कागद आणा. घाबरून जाण्यासारखं त्यात काही नसतं, बहुतेक वेळा नवा जॉइंट स्पॉन्सर किंवा ताजं रिटर्न मागितलेलं असतं.

भावाला विचारलं ते एवढंच: "घर कुणाचं आहे?" तो म्हणाला, "दादाचं." व्हिसा मिळाला.

कुटुंब येऊन पोचलं, मुलांच्या शाळा-कॉलेजची सोय लागली, आणि काकांनी एडिसनचं घर विकून लेकीजवळ नॉर्थ कॅरोलायनात लहानसं घर घेतलं. मूव्हर्सचे खोके अर्धे उघडलेले, दूध उतू गेलेलं, आणि मी फोनवर काकांना विचारलं, "आय-८६५ भरला का?" स्पॉन्सरने पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं असतं, नाही कळवलं तर दंड अडीचशे डॉलरपासून सुरू होतो. काका क्षणभर गप्प. मग मागून काकूंचा आवाज आला, "मी परवाच पोस्टात टाकलाय तो."